पाठमोरी माणसं

2025 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांची 'ग्रामयात्रा' 118 कोटींना गेली आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला कलेचा उमाळा आला. एरवी तिथे टाकीची सफाई, पार्किंगची भांडणं आणि गुलाबाच्या फुलावर लिहिलेलं सुप्रभात, एवढंच असतं. त्या दिवशी मात्र जो तो कलासमीक्षक. 'एवढ्या पैशात दोन टॉवर उभे राहतील,' असं सेक्रेटरी म्हणाले. बिल्डरांशी त्यांचं येणंजाणं आहे, हिशोब बरोबरच असणार. कुणीतरी भाबडेपणानं विचारलं, 'पण चित्रात आहे काय?' त्यावर ग्रुप चिडीचूप. मग तिसऱ्या मजल्यावरून मेसेज आला, 'आमच्या ओमचाही हात चांगला आहे.' त्याला अंगठ्यांचा पाऊस पडला.

चित्रात काय आहे ते सांगून टाकतो. 1954 सालचं, जवळजवळ चौदा फूट लांबीचं ते चित्र आहे आणि त्यात खेड्यातल्या रोजच्या जगण्याचे तेरा तुकडे आहेत. बायका कामाला लागल्यात, पोरं अंगाखांद्यावर आहेत, बैलगाडी आहे, शेतकरी आहे. पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलेल्या माणसानं ते काढलं. एक परदेशी डॉक्टर ते विकत घेऊन गेला आणि पुढची कित्येक दशकं ते ऑस्लोच्या एका इस्पितळात भिंतीला टांगून होतं. ते आपल्यापैकी कुणाचं तरी आहे हे मुंबईला कळलं ते हातोडा पडल्यावर. त्याच वर्षी गायतोंड्यांचं एक चित्र 67 कोटींना गेलं. गिरगावच्या चाळीत वाढलेला, वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं करणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला हा माणूस जिवंत असताना किती गिरगावकरांनी त्याची चित्रं बघितली होती, हे विचारू नये. सणासुदीला वाईट वाटतं.

असो. ओमचा हात चांगला आहे म्हणजे काय, ते बघू.

महाराष्ट्रात चित्रकलेची राजमान्य वाट कला संचालनालयाच्या दोन ग्रेड परीक्षांमधून जाते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीच्या निकालात 7 गुण जादा, बी आली तर 5, सी आली तर 3. पालकांना कलेचा एवढा पुळका कुठून आला असा प्रश्न कुणाला पडला असेल, तर उत्तर या तीन आकड्यांत आहे. सात गुण थोडेथोडके नाहीत. अकरावीच्या यादीत तेवढ्या फटीत अर्धं ठाणं उभं असतं. लिओनार्दो आज डोंबिवलीत जन्मला असता तर त्यालाही सातच मिळाले असते, आणि तेही नक्की नाही. तो अक्षरं उलटी लिहायचा. अक्षरलेखनाच्या पेपरात बिचाऱ्याची सी ठरलेली. एकदा गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते आणि मुलगा आयआयटीच्या क्लासला.

या परीक्षेत स्मरणचित्र नावाचा एक पेपर असतो. विषय ठरलेले: भाजीबाजार, बसस्टॉप, पावसाळ्यातला एखादा प्रसंग, पतंग उडवणारी मुलं. पेपर काढणाऱ्याच्या मनात कल्पना सुंदर होती. मुलानं डोळे उघडे ठेवून हिंडावं, पाहिलेलं मनात साठवावं आणि कागदावर उतरवावं. आपण तिचा गणिताचा पेपर करून टाकला. क्लासमध्ये स्मरणचित्र पाठ करून घेतात. एक झाड उजवीकडे, एक घर मागे, मधे तीन माणसं, त्यातलं एक वाकलेलं. बाकीची पाठमोरी. पाठमोरी का? चेहरा जमत नाही म्हणून. बोटं जमत नाहीत, तर हात खिशात घालायचे किंवा हातात पिशवी द्यायची. पावलं जमत नाहीत, तर गुडघ्यापर्यंत गवत उगवायचं. बसस्टॉपवरही गवत. प्रकाश नेहमी डावीकडून येतो आणि वांग्यावर पांढरा ठिपका नेहमी एकाच जागी पडतो. हीच तीन माणसं भाजीबाजारात टोपल्या घेऊन उभी राहतात, बसस्टॉपवर छत्र्या घेऊन उभी राहतात आणि संक्रांतीला पतंग उडवतात. हजारो उत्तरपत्रिकांत तीच तिघं. त्यांना एव्हाना पेन्शन मिळायला हवं होतं.

सगळ्यात मौज विहिरीची. जन्मापासून कांदिवलीत अकराव्या मजल्यावर राहिलेली मुलगी स्मरणचित्रात हमखास विहीर काढते. रहाट, कळशी, काठावर पाठमोरी बाई. हे 'स्मरण' तिला कुणी दिलं? क्लासच्या सरांनी. आणि सरांना? त्यांच्या क्लासच्या सरांनी. तिकडे सातारा जिल्ह्यातला मुलगा, ज्याच्या घरामागेच विहीर आहे, तो सिग्नल काढतो, झेब्रा क्रॉसिंग काढतो, शिट्टी मारणारा ट्रॅफिक हवालदार काढतो, कारण त्याच्या गाईडात ते आहे. दोघांनाही ए ग्रेड मिळते. दोघांनीही आपल्या खिडकीतून बाहेर बघितलेलं नसतं.

त्यातल्या एखाद्याला खरंच चित्रकलेचं वेड लागतं. लाखांत एखादा निघतोच, घराण्याचं दुर्दैव. मग तो बारावीनंतर सीईटी देतो. तिथेही वस्तुचित्र आहे, संकल्पचित्र आहे आणि स्मरणचित्र तर आहेच, त्यामुळे त्या तिघांची पुन्हा गाठ पडते. त्यातून तरून तो मुंबईला जेजेत येतो आणि नातेवाइकांचे फोन सुरू होतात. 'जेजेला आहे' म्हटलं की पलीकडची मावशी घाबरून विचारते, 'अगं बाई, कोण अॅडमिट आहे?' मावशीची चूक नाही. इस्पितळ आणि कलाशाळा, दोन्हींमागे पैसा एकाच गृहस्थाचा, सर जमशेटजी जीजीभाईंचा. इस्पितळ 1845 चं. कलाशाळेसाठी त्यांनी 1853 मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि 1857 मध्ये वर्ग सुरू झाले. चीनच्या व्यापारात शेटजींनी अमाप कमावलं, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. तेव्हा मुलाला कलेची नशा लागली अशी कुणी बाप तक्रार करत असेल, तर तो इतिहासाला धरूनच बोलतो आहे.

कोण आजारी आहे याचा उलगडा झाला की दुसरा प्रश्न: 'पुढे काय?' हा प्रश्न डॉक्टरकीला जाणाऱ्याला कुणी विचारत नाही. कॉमर्सवाल्याला तर नाहीच, वास्तविक त्याला विचारायला हवा. चित्रकलेला जाणाऱ्याला मात्र रिक्षावालाही विचारतो. मुलगा 'फाइन आर्ट' म्हणाला की चेहरे पडतात. 'अप्लाइड' म्हणाला की जरा जीवात जीव येतो, निदान जाहिरातीत तरी चिकटेल. 'अॅनिमेशनला स्कोप आहे म्हणे,' असं सांगणारा एक काका प्रत्येक घरात सरकारनं नेमून दिलेला असतो. हल्ली त्याच्या जोडीला एक पुतण्या आलाय. तो म्हणतो, 'आता चित्र काढायचं कशाला? मोबाइलला सांगितलं की काढून देतो.' मी परवा मोबाइलला भाजीबाजार काढायला सांगितला. काढला. माणसं पाठमोरी होती.

आता ज्या शहरात हा मुलगा शिकायला आलाय त्याच्याकडे वळू. 'मुंबई ही कलेची नगरी' असं वाक्य दर फेब्रुवारीला छापून येतं. ते खरं आहे, फक्त नगरीला त्याची खबर नाही.

व्हीटी स्टेशन घ्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे पूर्ण नाव आदरानं घेऊ, पण विरारच्या आणि कल्याणच्या माणसाच्या तोंडात अजून व्हीटीच आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार 1878 ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. या इमारतीवरचं नक्षीकाम, दगडातली पानंफुलं, पक्षी, जनावरं, यातलं बरंच काम बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आपल्या जेजेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. रस्त्यापलीकडच्या शाळेतल्या पोरांनी केलेलं. 2004 मध्ये युनेस्कोनं इमारत जागतिक वारशाच्या यादीत घातली तेव्हा तिचं कौतुक झालं ते युरोपी गॉथिक आणि हिंदुस्थानी कारागिरी यांच्या मिलाफासाठी. ही कारागिरी करणारे हात कुणाचे, तर होमवर्क करणाऱ्यांचे. एवढं मोठं होमवर्क जगात क्वचित कुणी तपासलं असेल.

ते रोज किती लोक बघतात? सकाळी गाडीतून उतरलेला माणूस टॅक्सीकडे बघतो, संध्याकाळी परतणारा इंडिकेटरकडे. मुंबईत सर्वाधिक रसिकांनी, सर्वाधिक एकाग्रतेनं पाहिलेली कलाकृती म्हणजे इंडिकेटर. त्यावर 'जलद' उमटलं की चेहऱ्यांवर जो आनंद फुलतो, तो गायतोंड्यांच्या नशिबी आला नाही. एखादा पोरगा मात्र खांबाच्या माथ्यावरचं पानांचं गुंफण बघत मान मागे टाकून उभा राहतो. पहिल्यांदा त्याला धक्का बसतो. मग दुसऱ्यांदा बसतो. मग कुणीतरी म्हणतं, 'ए, वर काय बघतोस? बाजूला हो की!' मग त्याच्या लक्षात येतं की दगडातली एक वेल दुसऱ्या वेलीसारखी नाही. कोरणाऱ्यानं पानं पाठ केलेली नव्हती. त्यानं पान हातात घेऊन बघितलं होतं.

ही बघायची शिस्त लावण्यात लॉकवूड किपलिंगचा वाटा मोठा. 1865 मध्ये तो जेजेत शिल्पकाम शिकवायला आला. साहेबाचा हेतू काही इथे मायकेलअँजेलो घडवावेत असा नव्हता. कारागीर तयार व्हावेत, नक्षीदार भांडी आणि दगडी सजावट करणारे हात मिळावेत, एवढाच. पण मास्तर चांगला निघाला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं त्याची आहेत, 1869 ची. लोक त्यांच्याखालून आंब्याच्या पेट्या घेऊन जातात. भाव उतरला का हे बघायला खाली बघावं लागतं, त्यामुळे वर बघायचं राहतं. त्याचा मुलगा रड्यार्ड जेजेच्या आवारातच जन्मला. बापानं पोरांना दगडात जनावरं कोरायला लावली आणि मुलानं पुढे पुस्तकात जनावरांना बोलायला लावलं. मुंबईकरांना अर्थातच मुलगा माहीत आहे, कारण त्याच्या पुस्तकावर कार्टून निघालं.

किपलिंगचा सहकारी जॉन ग्रिफिथ्स तर विद्यार्थ्यांना घेऊन थेट अजिंठ्याला गेला. 1872 पासून 1885 पर्यंत हंगामा-हंगामाला जेजेची मुलं त्या काळोख्या लेण्यांत बसून भिंतींवरची चित्रं उतरवून घेत होती. वटवाघळं, ओल, अपुरा उजेड. तेव्हा प्रकाश डावीकडून येत नव्हता, जिथून मिळेल तिथून घ्यावा लागत होता. ही चित्रं मग लंडनला रवाना झाली, कारण चांगली वस्तू लंडनलाच शोभते असा तेव्हाचा नियम होता. 1885 मध्ये तिथे आग लागली आणि त्यातली बरीच जळाली. याआधी रॉबर्ट गिलनं केलेल्या अजिंठ्याच्या नकला 1866 मध्ये लंडनलाच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. एकाच गावात दोनदा एकच वारसा जाळायला एक वेगळी प्रतिभा लागते. पण कॅनव्हास जळाला तरी बघितलेलं जळत नाही. त्या मुलांच्या हातात अजिंठ्याची रेघ उतरली ती उतरलीच.

बघण्याबद्दल बोलायचं तर चित्रकार धुरंधरांशिवाय पुढे जाता येत नाही. कोल्हापूरहून 1890 मध्ये जेजेत शिकायला आले, तिथेच शिकवायला लागले आणि 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असं पुस्तकच लिहून ठेवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर एकाच कंपनीत एकेचाळीस वर्षं, एचआरवाल्याला भोवळ येईल. त्यांनी मुंबईचे लोक काढले. नुसती 'माणसं' नाही काढली. पारशीण काढली ती पारशीणच, भाजीवाली काढली ती तिच्याच ढबीत बसलेली, लुगड्याचा काष्टा जातीगणिक वेगळा. चेहऱ्यांसकट आणि बोटांसकट. मुंबईच्या गल्लीबोळांवर एस. एम. एडवर्ड्सनं 'बायवेज ऑफ बॉम्बे' हे पुस्तक लिहिलं, त्यातली चित्रं धुरंधरांची. हा एडवर्ड्स कोण? मुंबईचा पोलीस कमिशनर. पोलीस कमिशनर गल्ल्यांतून हिंडून लिहितोय आणि चित्रकलेचा मास्तर त्याला चित्रं काढून देतोय, असा एक काळ या शहरानं पाहिला आहे.

आज त्याच गल्लीत एखादी मुलगी स्केचबुक उघडून बसली की पहिला प्रश्न खाकीतूनच येतो. 'काय चाललंय?' 'स्केच करतेय.' 'कशाला?' या 'कशाला'ला चारशे पानी सौंदर्यशास्त्रात उत्तर नाही, तर ती बिचारी कुठून देणार? 'कॉलेजचं आहे' म्हणावं. 'सबमिशन' हा शब्द टाकला की हवालदार शांत होतो, त्याच्या घरीही एक इंजिनिअरिंगला असतो. फोनवर दिवसभर फोटो काढणाऱ्या दोनशे माणसांना कुणी हटकत नाही. बघत बसणारा माणूस मात्र संशयास्पद. कॅमेरा एका क्षणात काम उरकून निघून जातो. हा पेन्सिलवाला अर्धा तास बघतोय, याच्या मनात नक्की काहीतरी आहे.

पोलीस निघून गेला की प्रेक्षक येतात. चित्र काढणाऱ्याच्या मागे उभं राहून बघणं हा मुंबईतला शेवटचा फुकट खेळ आहे. पहिला म्हणतो, 'झाड राहिलं.' दुसरा म्हणतो, 'मला पण यायचं लहानपणी.' तिसरा सरळ समोर जाऊन उभा राहतो आणि केस सारखे करून म्हणतो, 'माझं काढा ना.' जिचं चित्र काढायचं असतं ती मासळीवाली एवढ्यात उठून गेलेली असते.

म्हणून हुशार विद्यार्थी लोकल पकडतात. लोकलमधला झोपलेला मुंबईकर हे जगातलं सगळ्यात उत्तम मॉडेल आहे. पैसे मागत नाही, पोज बदलत नाही, बिघडलेलं चित्र बघायला उठत नाही. अंबरनाथपासून मान एकदा डाव्या खांद्यावर टाकली की ठाण्यापर्यंत हनुवटीची रेघ हलत नाही. मध्येच गाडीनं धक्का दिला की तोंड किंचित उघडतं, कपाळावरची आठी सुटते आणि दिवसभर जो हेडक्लार्क असतो तो घटकाभर कुणाचा तरी लहान मुलगा दिसायला लागतो. हे क्लासमध्ये पाठ करता येत नाही. मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी धरलेली असते. झोपेतसुद्धा बोटं सैल होत नाहीत. बोटं काढायला शिकायची असतील तर इथे शिकावीत. त्यासाठी तिकीट लागतं फक्त रेल्वेचं. अडचण एकच, सकाळच्या गाडीत चित्रकाराचाच हात वर निघत नाही. आणि त्याच्याकडे अर्ध्या इम्पीरियलचा बोर्ड असला, म्हणजे पंधरा बाय बावीस इंचाचा, तर डब्यातले सगळे एका सुरात त्याच्या कलेविषयी जे मत देतात ते छापता येत नाही.

शाळेनं कुणाला घेतलं आणि कुणाला नाही, याचीही गंमत आहे. आर. के. लक्ष्मण यांनी जेजेत प्रवेश मागितला तेव्हा आवश्यक ती गुणवत्ता नाही म्हणून त्यांना नकार मिळाला. पुढे त्यांनी आयुष्यभर चित्रं काढली ती जेजेपासून चालत पाच मिनिटांवर, टाइम्सच्या इमारतीत. दुकान थाटावं तर असं, समोरच. त्यांचा चौकड्यांच्या कोटातला माणूस रोज नुसता बघायचा, बोलायचा कधीच नाही, आणि पन्नास वर्षं देशाला घाम फोडायचा. चित्रकार सूझा प्रवेश मिळवून आत गेला, पण स्वातंत्र्यचळवळीतल्या सहभागावरून त्याला बाहेर काढण्यात आलं. त्यानं 1947 मध्ये चार उनाड गोळा करून प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. त्यातला आरा घरगडी म्हणून वाढलेला, गाड्या पुसणारा. हुसेनची शिडी सिनेमाच्या बोर्डाला लागलेली. आता या मंडळींची नावं प्रत्येक सीईटीच्या सामान्यज्ञानाच्या पेपरात पाठ करावी लागतात. 'सूझाला शाळेतून का काढलं?' हा प्रश्न मात्र अजून आलेला नाही.

यावरून शाळा टाकाऊ असा निष्कर्ष काढायला काका टपलेलेच आहेत, म्हणून घाईनं सांगतो: गायतोंडे जेजेचेच, 1948 चे. अकबर पदमसी, तय्यब मेहता जेजेचे. शिल्पकार म्हात्र्यांनी 'मंदिरपथगामिनी' 1896 मध्ये घडवली ती विद्यार्थीदशेत. पळशीकरांसारखे शिक्षक तिथे होते, ज्यांच्या वर्गातून बाहेर पडलेली माणसं आजही त्यांचं नाव काढताना आवाज खाली आणतात. दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा 1885 मध्ये तिथेच नाव घातलं होतं आणि बघा, हलती चित्रं काढून बसले. आणि ठाण्याचे सुधीर पटवर्धन तर कुठल्याच कलाशाळेत गेले नाहीत. व्यवसायानं क्ष-किरणतज्ज्ञ. दिवसा लोकांच्या बरगड्या बघायच्या आणि उरलेल्या वेळात लोकल, इराणी हॉटेल, लोअर परळ आणि रस्त्यावरची थकलेली माणसं रंगवायची. त्यांच्या चित्रातला माणूस तुमच्याकडे वळून बघतो आणि आपण ओशाळतो. सात गुणांसाठी घडवलेल्या त्या तिघांनी असं वळून बघितलं तर क्लास बंद पडतील.

फेब्रुवारीतल्या काळा घोडा महोत्सवाचंही म्हटलंच पाहिजे. 1999 पासून भरतो, गर्दी तुफान, आणि गर्दीची पाठ कलाकृतीकडे. पाठ का? सेल्फीत आपण पुढे हवेत म्हणून. तिथला मूळ काळा घोडा आपल्या राजपुत्रासकट 1965 मध्ये राणीच्या बागेत गेला आणि 2017 मध्ये जो नवा घोडा आला त्याच्यावर स्वारच नाही. फोटो काढणाऱ्यांपैकी कुणी 'वर बसलेला कुठे गेला?' असं विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. शेजारच्या जहांगीर कलादालनात प्रवेशाचे पैसे पडत नाहीत, 1952 पासून दारं उघडी आहेत आणि उन्हाळ्यात एसीही गार असतो. त्यामुळे रसिकांची तिथे, विशेषतः मे महिन्यात, चांगली ये-जा असते. चित्रकाराला मात्र तिथली भिंत मिळवायला काही वर्षं रांगेत थांबावं लागतं. तोवर त्याची शैली बदलते, कधी कधी व्यवसायही. आतलं समोवर नावाचं उपाहारगृह होतं तेव्हा निदान चहावर चार तास काढता यायचे आणि शेजारच्या टेबलावरचं भांडण कलेवरचं असायचं. 2015 मध्ये तेही मिटलं.

उरला जहांगीरबाहेरचा फुटपाथ. तिथे संध्याकाळी पोर्ट्रेट काढून देणारे बसतात आणि मला विचाराल तर मुंबईतलं सगळ्यात खडतर कलाशिक्षण तिथे चालतं, कारण तिथे चेहरा काढावाच लागतो आणि परीक्षक समोर स्टुलावर बसलेला असतो. परवा एक गृहस्थ बसले होते. सोबत बायको, मुलगी. समोर तिशीतला चित्रकार, चारकोल, गुडघ्यावर बोर्ड. त्यानं चार रेघांत त्यांचं कपाळ धरलं, डोळ्यांखालचा थकवा धरला, ओठांच्या कोपऱ्यातली ती ऑफिसात वीस वर्षं गिळलेली उत्तरंसुद्धा धरली. अंगठ्यानं गालावरची सावली पुसत नेली. माणूस कागदावर जिवंत बसला. बायको बघून क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, 'नाक जरा सरळ करा ना. आणि पोट दाखवू नका.' चित्रकारानं नाक सरळ केलं. डोळ्यांखालचं पुसून टाकलं. गृहस्थ दहा वर्षांनी लहान झाले आणि दुसऱ्या कुणासारखे तरी दिसायला लागले. सगळे खूश.

पैसे देताना गृहस्थांनी विचारलं, 'हे छानच हो. पण पोटापाण्याचं काय करता?'

'रविवारी क्लास घेतो, डोंबिवलीला. स्मरणचित्राचा.'

'अरे वा!' गृहस्थ म्हणाले आणि मुलीला पुढे ढकललं. 'हिला यंदा बसवायचंय. चेहरे नाही जमत हिला. चालेल ना?'

'चालेल की,' चित्रकार म्हणाला. 'चेहरे लागतच नाहीत.'